आमच्या वाडवडिलांनी मागे काय ठेवले?

आपल्या समाजात कोणी वडीलधारे माणूस निवर्तले की, शोकाच्या सात दिवसांत एक प्रश्न हटकून निघतो : "त्यांनी मागे काय ठेवले?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा घर, पैसा, सोन्याच्या बांगड्या असतात, आणि ज्याच्याजवळ यांपैकी काही नव्हते त्याच्याविषयी "बिचाऱ्याने मागे काहीच ठेवले नाही," असे म्हणून लोक उठतात. सिनेगॉगच्या भिंतीवरील देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या वाचूनही असाच ग्रह होतो की, नाव राहावे अशी इच्छा असेल तर माणसाने आधी काहीतरी मोठे केले पाहिजे, किंवा निदान मोठी रक्कम दिली पाहिजे. आमचा व्यवसाय शिक्षकाचा. मुलांना इतिहास शिकविता शिकविता आपल्या समाजाचा इतिहास आम्ही पुन्हा पुन्हा चाळला, तेव्हा आम्हांस नेमके याच्या उलट दिसून आले. ज्यांच्या नावाची पाटी कोठेही नाही अशा माणसांनी दर आठवड्याला, दर दिवशी जे केले, त्यावर आपण सारे आज उभे आहोत. त्याविषयी चार शब्द लिहावेत असा हेतू आहे.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, वाहून आलेली प्रेते तेथेच पुरली गेली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ते गलबत कोणत्या शतकातले यावर विद्वानांचे एकमत नाही, आणि लवकर होईल असेही दिसत नाही. परंतु त्यानंतर काय झाले याविषयी वाद नाही. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील गावोगावी आमचे पूर्वज पांगले. किहीमचे ते केहिमकर, राजपुरीचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर, पेणचे पेणकर झाले. त्यांची भाषा मराठी झाली, पेहराव गावचा झाला, आणि धंदा तेल गाळण्याचा झाला.

घाण्याचा धंदा ज्यांनी पाहिला नाही अशा तरुण वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. लाकडी उखळात तीळ किंवा सुके खोबरे घालावयाचे, त्यात उभी लाट फिरावयाची, आणि ती फिरविण्यासाठी डोळ्यांना झापड बांधलेला बैल दिवसभर गोल गोल चालावयाचा. तेल वेगळे, पेंड वेगळी. नफा थोडा, आणि तोही बैल चालेल तेवढाच. जो दिवस घाणा थांबला त्या दिवशी घरात काही आले नाही. असे असूनही हे लोक शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी बैल सोडीत आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत तो पुन्हा जुंपीत नसत. सात दिवसांतल्या एका दिवसाची मिळकत त्यांनी पिढ्यानपिढ्या सोडून दिली. कोकणात दुसरेही तेली होते. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना सोमवार तेली म्हणत. त्याच रीतीने आमचे पूर्वज शनिवार तेली झाले. गावाने त्यांना देवाच्या नावाने किंवा वंशाच्या नावाने ओळखले नाही, बंद घाण्याच्या वाराने ओळखले, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. 'तेली' हा शब्द आपल्यातील काही सुशिक्षितांना पुढे कमीपणाचा वाटू लागला आणि तो टाळण्याकडे त्यांचा कल झाला. आमच्या मते त्याच्यासारखी दुसरी सनद आपल्याजवळ नाही.

हे लक्षात घ्यावे की, त्या काळी त्यांच्यापाशी सेफेर तोरा नव्हता. मशीद नव्हती; आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. राब्बी नव्हता, हिब्रू वाचता येणारा मनुष्य नव्हता. प्रार्थनेपैकी 'शमा इस्राएल' तेवढा तोंडात राहिला होता, आणि तो जन्माला, लग्नाला, मृत्यूला, सगळ्याच प्रसंगी म्हणत. मुलग्याची आठव्या दिवशी सुंता होत असे. सण होते, पण त्यांची हिब्रू नावे विसरली गेली होती. रोश हाशानाला नव्याचा सण म्हणत. किप्पुरला दारफळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून घरात बसावयाचे. आणि दुसरा दिवस शिळा सण. पेसाहचे नाव अनाशी ढाकण्याचा सण आणि तिशा बेआवचे नाव बिरड्याचा सण. ही नावे वाचताना आमच्या मनात येते की, यांत धर्मशास्त्राचा एकही शब्द नाही. दार, भांडे, धान्य, उसळ! ज्याला ग्रंथ सांभाळणे शक्य नव्हते त्याने ग्रंथातले दिवस स्वयंपाकघरात आणि उंबरठ्यावर सांभाळले.

दावीद राहाबीची परंपरागत गोष्ट प्रसिद्ध आहे. तो कोकणात आला, हे लोक खरोखर इस्राएल आहेत किंवा नाहीत अशी त्याला शंका आली, आणि परीक्षा पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी रांधावयास ठेवली. बायकांनी पंख व खवले असलेली मासळी तेवढी घेतली आणि बाकीची बाजूला सारली. "ही आम्ही खात नाही," एवढेच त्यांनी सांगितले. राहाबीची खात्री पटली. ही कथा कोणत्या काळातली, राहाबी कोणता, यांविषयी बरीच चर्चा झाली आहे. तीत आम्ही येथे शिरत नाही. आम्हांस त्या बायकांविषयी बोलावयाचे आहे. कोकणातल्या बाजारात मुशी, शिंगाळा, वाम, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांची रेलचेल. शेजारणी ती आवडीने नेत आणि ती स्वस्तही पडे. अशा ठिकाणी रोज रावस, बोय निवडून घेणे आणि बाकीच्याकडे पाठ फिरविणे, हे काही एका दिवसाचे काम नव्हते. आईने मुलीला, सासूने सुनेला दाखविले, त्यात शास्त्रार्थ सांगितला नाही, कारण तो त्यांना ठाऊकच नव्हता. अध्यापनाच्या प्रशिक्षणात आम्हांस शिकविले गेले होते की, मूल जे नुसते ऐकते त्यापेक्षा जे स्वतःच्या हाताने करते ते अधिक काळ धरून ठेवते. त्या अशिक्षित बायकांनी हे तत्त्व कोणत्याही अध्यापन महाविद्यालयात न जाता पाळले होते. त्यांच्यापैकी एकीचेही नाव इतिहासात राहिले नाही, आणि परीक्षेत उत्तीर्ण झाल्या त्या मात्र त्याच.

कथेपुरतेच हे आहे असे कोणी म्हणू नये. १७६८ साली कोचीनचे प्रसिद्ध व्यापारी यहेज्केल राहाबी यांनी हॉलंडमधील तोबीयास बोआस यांना लिहिलेल्या पत्रात आमच्या पूर्वजांचा उल्लेख आहे. हे लोक तेल काढतात, काही सैनिक आहेत, त्यांना धर्माचे ज्ञान नाही, पण ते शमा म्हणतात आणि शब्बाथ पाळतात, अशा आशयाची ती माहिती आहे. म्हणजे यहुदी जगाला आमची लेखी ओळख करून दिली गेली, तीही बंद घाण्याच्या आधारावर.

यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १७९६ साली, सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवी येथे आपली पहिली मशीद बांधली. ते कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते. त्यांची थोरवी सर्वांस ठाऊक आहे आणि पाटीही त्यांच्याच नावाची आहे, ती योग्यच आहे. मात्र एवढे विचारावेसे वाटते की, त्या मशिदीत पहिल्या शब्बाथला जे लोक येऊन बसले त्यांना शनिवार कोणी लक्षात ठेवून दिला होता?

आता अशा एका गृहस्थांकडे वळू की ज्यांचे नाव राहिले, परंतु ज्या मार्गाने राहिले तो मार्ग आपल्यासारख्याच नोकरदार माणसाचा होता. हाईम सॅम्युअल केहिमकर यांचा जन्म १८३० सालचा. ते सरकारी नोकरीत होते. ते श्रीमंत नव्हते, पंडितही नव्हते. कचेरीतून घरी आल्यावर उरलेला वेळ त्यांनी समाजाच्या शिक्षणाला दिला, आणि त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून १८७५ साली मुंबईत आपली इस्राएलाइट शाळा निघाली. पुढे ती सर एली कदूरी शाळा म्हणून प्रसिद्धीस आली. ही शाळा माझगावात अद्याप चालू आहे. आज तेथे शिकणारी बहुतेक मुले इतर समाजांची आहेत, आणि आम्हांस त्यात खेद वाटत नाही. आपल्यासाठी लावलेल्या झाडाखाली आता शेजाऱ्यांची मुले बसतात, एवढेच.

परंतु केहिमकरांचे दुसरे काम आम्हांस पहिल्याहून मोठे वाटते. आयुष्यभर त्यांनी वृद्ध लोकांकडून ऐकलेले लिहून ठेवले. सण कसे पाळीत, लग्नात कोणता विधी कोणत्या दिवशी, बायका कोणते दागिने घालीत, काय खात, सुंता कशी होई, प्रेत कसे नेत, पलटणीत आपले कोण कोण अंमलदार झाले, हे सारे. मोठा इतिहासकार कदाचित राजे आणि लढाया शोधीत बसला असता. या सरकारी नोकराने बिरड्याचा सण नोंदविला. आम्ही वर ज्या सणांची नावे दिली ती आज आपणांस ठाऊक आहेत याचे मोठे श्रेय त्यांचे आहे. १८९७ साली त्यांचे इंग्रजी हस्तलिखित पुरे झाले. ते छापले गेले नाही. केहिमकर वारले, तरी ते छापले गेले नाही. एखाद्या सुनेने आवराआवरीत ती पाने रद्दीत टाकली असती तर तिला दोष देणे कठीण होते. मुंबईतल्या खोल्या लहान आणि वाळवी मोठी. पण ती कोणी टाकली नाहीत. पुढे डॉ. इमॅन्युएल ओल्स्वांगर यांच्या हाती ते हस्तलिखित आले आणि १९३७ साली त्यांच्या संपादनाखाली ते तेल अवीव येथे प्रसिद्ध झाले. चाळीस वर्षे! हे चाळीस वर्षांचे सांभाळणे ज्यांनी केले त्यांना आम्ही केहिमकरांच्या बरोबरीचे मानतो. लिहिणाऱ्याच्या मागे जपणारा नसेल तर लिहिणे फुकट जाते, हे आपल्या समाजात अनेकदा घडले आहे.

त्यांचेच समकालीन जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) हे तर आमच्याच व्यवसायातले. मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनमध्ये ते १८५६ साली शिक्षक झाले, १८६१ साली मुख्याध्यापक झाले आणि सुमारे चाळीस वर्षे त्या खुर्चीत राहिले. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षकही होते. या काळात त्यांनी प्रार्थनेची वीसच्या आसपास हिब्रू पुस्तके मराठीत आणली. आम्ही शिक्षक असल्यामुळे आम्हांस लगेच हिशेब करण्याची खोड आहे : चाळीस वर्षांत वीस पुस्तके म्हणजे दोन वर्षांस एक, म्हणजे दररोज थोड्याशा ओळी. मुख्याध्यापकाचा दिवस कसा जातो हे आम्हांस विचारावे. हजेरी, वह्या, तपासनीस, फी न भरलेल्या मुलाचा बाप. त्यातून उरलेल्या वेळात रोज थोड्या ओळी, आणि उद्या पुन्हा थोड्या. याचा परिणाम असा झाला की, ज्या माणसाला हिब्रूचे अक्षर येत नव्हते त्यालाही आपण काय मागतो आहोत हे आपल्या भाषेत समजू लागले. पेसाहचा हग्गादा मराठीसह त्यापूर्वीच, १८४६ साली, मुंबईत छापला गेला होता. राजपूरकरांनी उरलेल्या वर्षभराच्या प्रार्थनांना भाषा दिली.

रेबेका रुबेन यांच्याविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या या विदुषीला कोठेही मोठी जागा मिळाली असती. त्या १९२२ पासून १९५० पर्यंत आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका राहिल्या. अठ्ठावीस वर्षे तीच घंटा, तेच वर्ग.

आता तिसऱ्या प्रकरणाकडे येऊ. ते या देशात घडले, आणि आजच्या मुलांना ते सांगण्यास आपण का कचरतो हे आम्हांस समजत नाही. १९४८ नंतर आपले लोक येथे येऊ लागले, बेरशेवा, दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा गावी वसले. १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना पाठविल्या की, बेने इस्राएलपैकी कोणी समाजाबाहेर लग्न करू इच्छीत असेल तर त्याच्या आईच्या, आजीच्या आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. समाजात केवढा क्षोभ उसळला हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह आपले लोक यरुशलेममध्ये धरणे धरून बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी केनेसेतची खास बैठक झाली आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी असून त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत, अशी ग्वाही देण्यात आली. रब्बीमंडळानेही त्यानंतर आपल्या सूचनांतून समाजाचे नाव काढले.

हा लढा मोर्चाने जिंकला, हे खरे. पण आईची आई आणि तिची आई कोण, असे विचारले गेले तेव्हा आमच्यापाशी दाखविण्यासारखे काय होते याचा विचार करावा. वंशावळीचे चामड्याचे गुंडाळे आमच्यापाशी नव्हते. होते ते एवढेच : आमच्या पणज्यांनी कोणती मासळी चुलीवर चढविली आणि कोणती नाही, आमच्या खापरपणज्यांनी कोणत्या वारी बैल सोडला, आठव्या दिवशी मुलाला कोणी मांडीवर घेतले. ती साधी रोजची कृत्ये करताना त्यांना स्वप्नातही वाटले नसेल की, आपण नातवंडांच्या नातवंडांसाठी साक्ष तयार करीत आहोत. आणि ती साक्ष सत्तावीस वर्षे आधी तेल अवीवमध्येच छापून झाली होती, कारण मुंबईतल्या एका नोकरदाराने ती लिहून ठेवली होती.

आज परिस्थिती वेगळी आहे, आणि आमच्या मते अधिक कठीण आहे. आमच्या यहुदीपणाविषयी आता कोणी पुरावा मागत नाही. मागे पडत आहे तो आमचा मराठीपणा. घराघरांतून आजोबांची राजपूरकरी पुस्तके, मराठी हग्गादे, कीर्तनाच्या वह्या, पुठ्ठ्यावर मुलांच्या जन्मतिथी लिहिलेल्या तेफिल्ला आहेत. नातवंडांना ती अक्षरे वाचता येत नाहीत. घर आवरताना हिब्रू असलेले पुस्तक गेनिझात जाते, निव्वळ मराठी असेल ते कचऱ्याच्या पेटीत. दोन्हीही करण्यापूर्वी पहिले कोरे पान उघडून पाहावे, एवढी विनंती आम्ही वाचकांस करतो. जे काही तेथे लिहिलेले असेल ते हिब्रू अक्षरांत उतरवून घ्यावे. नावे उतरविताना पुरुषांची उतरवून थांबू नये. आजीचे माहेरचे आडनाव, तिच्या आईचे गाव, हेही विचारून ठेवावे. १९६२ साली कशाची उणीव भासली हे आठवावे.

येथील शाळांत सातवीच्या मुलांना 'शोराशिम' म्हणजे कुळाच्या मुळांचा शोध हा उपक्रम असतो. आपल्या मुलांच्या वह्या आम्ही दरवर्षी तपासतो. बहुतेकांत पणजोबांचे पलटणीच्या गणवेशातले छायाचित्र, रेल्वेच्या किंवा पोलीस खात्याच्या नोकरीचा दाखला, कोणाचे पदक, असे असते. पणजीच्या नावापुढे 'गृहिणी' हा एक शब्द. असे पान आले की आम्ही ते परत करतो आणि मुलाला आजीकडे एकच प्रश्न घेऊन पाठवितो : "तिने प्रत्येक वर्षी न चुकता काय केले?"

गेल्या वर्षी एक मुलगी उत्तर घेऊन आली. तिची पणजी तिशा बेआवला वालाचे बिरडे करी. आजीही करते. "का करतेस?" असे विचारले तर आजी म्हणाली, "आपल्यात करतात म्हणून." मुलीला ते उत्तर अपुरे वाटले, तिने गुण जातील अशी भीती बोलून दाखविली. आम्ही तिला बिरडे कसे करतात ते आजीकडून नीट विचारून आणावयास सांगितले. वाल आदल्या रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मोड आले की कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. म्हणजे सण तीन दिवसांवर आला आहे हे आधीच माहीत असले पाहिजे. "मग त्यांच्याकडे पंचांग होते का?" तिने विचारले. पणजी निरक्षर होती, भिंतीवर हिब्रू दिनदर्शिका नव्हती. चंद्र पाहून दिवस मोजले जात, आणि मोजणाऱ्या बायका चुकत नसत. मुलीने हे सारे हिब्रूत लिहून आणले, आणि पानाच्या डोक्यावर हिब्रू अक्षरांत, उच्चार बिघडू नये म्हणून खाली स्वरचिन्हे देऊन, एकच मराठी शब्द लिहिला : बिरडे.